पन्नासाच्या जागी शंभर

१

फ्रीझरमधली बाटली खोटी निघाली, आणि तिची शिक्षा प्रयोगशाळेतल्या सर्वात जुन्या बाईंना द्यायची हे सकाळी अकराच्या आतच ठरून गेलं. तपासनीस पोचला साडेअकराला. म्हणजे निकाल आधी आणि चौकशी मागाहून असा तो उलटा कारभार होता. नोकरीची तीस वर्षं असल्या कारभारात गेल्यामुळे त्याला त्याचं नवल वाटलं नाही, नुसता कंटाळा आला.

प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. जिना उतरताना ओल्या भिंतीचा वास यायचा आणि शेवटच्या पायरीपाशी त्यात मेथनॉलचा डोकं जड करणारा वास मिसळायचा. खिडकी औषधालाही नव्हती. भर दुपारी ट्यूबलाइट जळत होत्या आणि त्या उजेडात सगळेच आजारी दिसत होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी तपासनीसाला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. घाईतल्या माणसाची ती रीत असते.

"नवजात बाळांच्या वॉर्डातल्या दुधाच्या बाटल्या आपण तपासतो," साहेब म्हणाले. "गरम दूध ओतलं की प्लास्टिकमधून बिस्फेनॉल किती उतरतं ते बघायचं. तीन आठवड्यांपूर्वी आपण तपासलेलीच एक बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेने पुन्हा तपासली. त्यांचा आकडा आपल्या दुप्पट आला. गेल्या आठवड्याच्या अखेरीला तशी तक्रार आली."

"कशामुळे?"

"मी कशाला सांगू? वहीच सांगतेय."

वहीचं मार्च महिन्याचं पान उघडं होतं. बिस्फेनॉलची पन्नास मिलिग्रॅम पूड तोलायची, पन्नास मिलिलिटर मेथनॉलमध्ये विरघळवायची, तपकिरी काचेच्या बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवायची. ह्याला तिथे मूळ द्रावण म्हणत. पुढचे सहा महिने यंत्र जे काही मोजणार ते ह्या एका बाटलीशी ताडून. तीच लेबलापेक्षा दुप्पट कडक असेल, तर दुधात उतरलेलं विष निम्मंच दिसणार.

पानावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ५०.०. शेजारी तराजूच्या प्रिंटरमधून निघालेली चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर छापलं होतं: १००.०४.

"चिठ्ठीवर शंभर, बाईंनी वाचलं पन्नास," साहेब म्हणाले. "वयाचा दोष, दुसरं काय. जुन्या आकड्यांना दोनने गुणलं की संपलं. गेल्या आठवड्याच्या खेपेचा आपला आकडा एकवीस. दुप्पट केली, बेचाळीस. वॉर्डाची मर्यादा पन्नास. बाटल्या पास. पाच वाजता वॉर्डाला पत्र जाईल, खाली तुमची सही लागेल. बाईंना तसेही निवृत्तीला आठच महिने उरलेत. आजपासून घरी बसतील."

तपासनीसाने चष्मा काढून पुसला. तीस वर्षांपूर्वी त्याच्या हातात पहिला तराजू ह्याच बाईंनी दिला होता. चिठ्ठी वाचण्यात चूक करणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या, हे तो शपथेवर सांगू शकला असता.

"बाईंचं काय म्हणणं आहे?" त्याने विचारलं.

"त्यांचं?" साहेबांनी खांदे उडवले. "त्यांनी सकाळीच लेखी कबूल केलंय."

२

बाई तराजूच्या खोलीत बसल्या होत्या. खोली कसली, खोपटंच ते. वारा लागू नये म्हणून दार कायम बंद, मध्ये दगडी ओटा, त्यावर काचेच्या पेटीतला तराजू आणि शेजारी ब्रेडच्या तुकड्याएवढा प्रिंटर. बाईंचे केस पार पांढरे झाले होते. हात मात्र मांडीवर तसेच स्थिर होते.

"पोट सुटलं की रे तुझं," त्याला बघून त्या म्हणाल्या. "जरा चालत जा."

"बाई, हे तुमच्याकडून झालेलं नाही."

"झालंय. लिहून दिलंय मी." त्या त्याच्याकडे न बघता बोलत होत्या. "डोळे दगा देतात ह्या वयात. तू सही कर आणि सूट. माझं भिजत घोंगडं ठेवू नकोस."

ह्या बाईंनी त्याला एकदा एका चुकलेल्या दशांशासाठी अख्खा दिवस उभं ठेवलं होतं. त्यांनी डोळ्यांवर ढकलून मोकळं व्हावं, ह्याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याने वही पुढ्यात ओढली आणि पानं उलटायला लागला.

प्रत्येक पानावर एक चिठ्ठी. पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्याला शिकवलं होतं की ही चिठ्ठी बोटांनी धरायची नाही, चिमट्याने धरायची. उष्णतेने छपाई होणाऱ्या असल्या कागदाच्या थरातच बिस्फेनॉल असतं. ते बोटाला लागतं, बोटावरून काचेला, आणि मग ज्यात काहीच नाही अशा स्वच्छ द्रावणातही यंत्राला बिस्फेनॉल दिसायला लागतं. मोजायची वस्तू मोजणाऱ्याच्याच हातून सांडायची, असा हा चमत्कारिक धंदा होता.

फेब्रुवारीची चिठ्ठी फिकी पडली होती. मागच्या गोंदाने छपाई खाल्ली होती आणि आकडे जेमतेम वाचता येत होते. एप्रिलची तशीच. मे महिन्याची तर उजेडाकडे धरावी लागली.

मार्चची चिठ्ठी मात्र काळीभोर होती. एकेक आकडा ठसठशीत.

त्याने मान वर केली. बाई त्याच्याकडेच बघत होत्या, आणि त्याने पाहिलं हे कळताच त्यांनी नजर तराजूकडे वळवली.

ही चिठ्ठी मार्चमध्ये चिकटवलेलीच नव्हती. कुणीतरी तराजूच्या घड्याळात जुनी तारीख घालून, कसलीतरी शंभर मिलिग्रॅम पूड तोलून ती अलीकडेच छापली होती. बाईंच्या पानावरची मूळ चिठ्ठी काढून तिथे ही खोटी डकवली होती. बाईंना कुणीतरी पद्धतशीर अडकवलं होतं.

३

अडकवायला माणसं मोजकीच होती. बिस्फेनॉलचं काम करणारे इथे चौघे: बाई, साहेब, यंत्रावर बसणारा आणि बाईंची सून.

यंत्रावरच्या माणसाला सगळे शिखरराव म्हणत. दिवसभर पडद्यावर उंचावणारी शिखरं मोजायची एवढंच त्याचं काम, आणि चेहरा कायम दरी पडल्यासारखा. बाईंचं आणि त्याचं पटत नव्हतं हे त्याने स्वतःच सांगून टाकलं.

"प्लास्टिकच्या कपातून चहा आणला म्हणून चारचौघांत हाकललं होतं मला," तो म्हणाला. "तेव्हापासून मी कामापुरतं बोलतो. पण उगाच कुणाच्या पोटावर पाय द्यायला मी काही एवढा हा नाही."

"यंत्रावर काही वावगं दिसलं नाही?"

"दिसलं की! मूळ द्रावणातून दर सोमवारी नवं पातळ द्रावण बनवतात, ते मी आधी चालवून बघतो. त्याचं शिखर दरवेळी सारख्याच उंचीचं यायला हवं. गेले आठ-नऊ आठवडे ते दर सोमवारी थोडं थोडं वर सरकतंय. साहेबांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, यंत्राला खूळ लागलंय, दुरुस्तीवाल्याला बोलवा."

बोलता बोलता त्याने कडेच्या प्रिंटरमधली एक चिठ्ठी फाडली आणि बोटांनी चुरगाळून टोपलीत टाकली. तपासनीसाचा हात अभावितपणे पुढे आला होता, तो त्याने मागे घेतला.

थोडं थोडं, हा शब्द त्याला खटकला. मार्चमध्ये एकदाच दुप्पट पूड पडली असती, तर शिखर मार्चमध्येच एकदम उंच झालं असतं आणि तिथेच राहिलं असतं.

त्याने पिशवीतून काचेची सीलबंद कुपी काढली. तिच्यात नेमक्या ताकदीचं प्रमाणित द्रावण होतं. "ह्याच्याशी ताडून ती फ्रीझरमधली बाटली आत्ता मोजून दे. आकडा साहेबांच्या आधी मला सांगायचा."

"ते चिडतील."

"चिडू देत. ते चिडले की मी आहे."

शिखरराव पहिल्यांदाच किंचित हसला. "तुम्हाला माहितीये का," कुपी उजेडात धरत तो म्हणाला, "ही तक्रार आल्यानंतर दोन दिवसांनी तराजूच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. चांगला अर्धा तास. मी ठोठावलं, तर आतून कुणी ओ दिली नाही."

४

सून धुण्याच्या खोलीत फ्लास्क विसळत होती. आधी पाणी, मग तीनदा मेथनॉल. तिशीची, बारीक, डोळ्यांखाली काळं. लांब मानेचा फ्लास्क उजव्या हातात धरून ती डाव्या हाताने मेथनॉल ओतत होती. कामाचा हात डावा होता.

तिचा नवरा, म्हणजे बाईंचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता. घरात आता सासू, सून आणि चार वर्षांची मुलगी. सुनेची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

"पातळ द्रावणं कोण बनवतं?" त्याने विचारलं.

"आधी आई बनवायच्या. नऊ-दहा आठवड्यांपासून मी बनवते." ती सासूला आई म्हणत होती. "मूळ द्रावणाची बाटलीही तेव्हापासून माझ्याच ताब्यात आहे. पण ती भरली आईंनी."

"त्यांच्याकडून अशी चूक होईल असं वाटतं?"

तिने फ्लास्क खाली ठेवला. नळ बंद केला.

"परवा त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं," ती हळूच म्हणाली. "मला राग आला होता हो त्यांचा. बाळांच्या बाटल्या आहेत त्या. थकला असाल तर सांगायचं ना, मी तोलून दिलं असतं, असं मी तोंडावर बोलले. त्या खाली मान घालून जेवल्या." तिने डोळे पुसले. "त्यांनीच मला सगळं शिकवलं. प्लास्टिक आपला वैरी, हे तर इतक्यांदा, की घरातला एकेक डबा फेकला मी."

तिची पिशवी स्टुलावर होती. तिचा तळ ओला झाला होता आणि खाली थेंब थेंब पाणी साचत होतं.

"तुमची पाण्याची बाटली गळतेय," तपासनीस म्हणाला.

"ती? ती रोजच गळते." तिने कसंनुसं हसून स्टीलची बाटली उभी केली. "झाकणात रबराची चकती होती, ती काढून टाकली मी. पाण्याला कशाला ते रबर लागायला हवं?"

तपासनीस काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं. शिखरराव धापा टाकत उभा होता.

"साहेब म्हणतात दुप्पट," तो म्हणाला. "दुप्पट नाहीये. दोन पूर्णांक सहा पट आहे. तीनदा मोजलं."

५

तपासनीसाने बाटली मागून घेतली आणि रिकाम्या खोलीत एकटाच बसला. घड्याळात साडेतीन वाजले होते.

शंभर मिलिग्रॅम पडले असते तर बाटली दुप्पट कडक निघाली असती, ना कमी ना जास्त. अडीचपटीच्या वर जायला एकच वाट होती: पूड तेवढीच, पण मेथनॉल उडून गेलेलं. तेही एका दिवसात उडालेलं नाही, आठवड्यागणिक थोडं थोडं. तीन आठवड्यांपूर्वी ते दुपटीपर्यंत आलं होतं, म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेला दुप्पट दिसलं. त्यानंतरही ते उडतच राहिलं. बाटलीतलं द्रावण दर आठवड्याला वापरलंही जात होतं, त्यामुळे पातळी खाली गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पण घट्ट झाकणातून मेथनॉल उडेल कसं?

त्याने झाकण उघडून उलटं केलं. आत पांढरी चकती होती, जिच्यामुळे झाकण बाटलीच्या तोंडाशी घट्ट बसतं. सहा महिने आवळलेल्या चकतीवर बाटलीच्या तोंडाचं गोल वळ उमटतं. ह्या चकतीवर काहीच नव्हतं, ती कोरी करकरीत होती. म्हणजे झाकण आत्ता बदललेलं होतं. आधीच्या झाकणात चकती नसावी. आणि ती कुणी काढली हे गळक्या पिशवीने सांगितलंच होतं. चकती प्लास्टिकसारखी दिसते, आणि प्लास्टिक आपला वैरी. अतिकाळजीपोटी पोरीने ती उचकटून टाकली होती. खरं तर त्या चकतीतून बिस्फेनॉल अजिबात उतरत नाही. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात कुणाला सुचलीही नसती.

मग चूक झाकायला खोटी चिठ्ठी तिनेच छापली? स्वतःच्या सासूच्या माथी मारली?  त्याने वही पुन्हा उघडली आणि भिंग काढलं.

असल्या कागदावर जोरात काही घासलं की तिथे करडा डाग पडतो. चिमट्याने धरलेल्या प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यावर तसे दोन बारीक करडे ठिपके होते. गेल्या दोन महिन्यांच्या, सुनेने काढलेल्या चिठ्ठ्यांवर ते डाव्या कोपऱ्यात होते. बाईंच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर उजव्या. ह्या ठिपक्यांकडे आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं, त्यामुळे त्यांची नक्कल करायचं कुणाच्या डोक्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. शिखरराव आणि साहेब तर चिमटा हातातही धरत नसत.

मग त्याने भिंग खोट्या चिठ्ठीवर नेलं. ठिपके होते, आणि ते उजव्या कोपऱ्यात होते.

६

"चिठ्ठी तुम्ही छापलीत," तो म्हणाला.

तराजूच्या खोलीत बाई सकाळसारख्याच बसल्या होत्या. त्यांनी नाकारलं नाही.

"तक्रार आली आणि मी बाटली काढून बघितली," त्या म्हणाल्या. "झाकणात चकती नव्हती. मला उभ्या उभ्या घाम फुटला. नवं झाकण मीच लावलं. पोरीला विचारायचीही गरज नव्हती रे. घरातल्या प्रेशर कुकरची रिंगसुद्धा काढायला निघाली होती ती. हे वेड मीच भरवलं तिच्या डोक्यात. मग चूक कुणाची?"

"तिला माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं सासू म्हातारी झाली. वाटू दे." आता त्या थेट त्याच्याकडे बघत होत्या. "माझे आठ महिने राहिलेत, तिची तीस वर्षं. चूक तिच्या नावावर पडली तर कुठली प्रयोगशाळा दारात उभं करेल तिला? मुलगा गेला माझा. तेवढी एक नात आहे. तू सही कर. तुझ्या पाया पडते."

ज्या बाईंपुढे तो जन्मभर मान खाली घालून उभा राहिला होता त्यांच्या तोंडून हे ऐकताना त्याला रडू येईलसं वाटलं. पंधरा मिनिटांपूर्वीपर्यंत तो बाईंना सोडवायला बघत होता. त्यांनी तोलण्यात चूक केली नाही हे त्याने सिद्ध केलं होतं, आणि तसं करताना त्यांना खोटारडं ठरवलं होतं.

"बाई, शंभर का छापलेत?"

"तक्रारीत दुप्पट होतं म्हणून."

"ते तीन आठवड्यांपूर्वीचं." त्याने कागद पुढे सरकवला. "आज मोजलं. दोन पूर्णांक सहा. गेल्या आठवड्याच्या खेपेला एकवीस लिहिलंय आपण. दोनने गुणलं तर बेचाळीस. खरा आकडा करा तुम्हीच."

बाईंनी कागदाला हात लावला नाही. त्यांचे ओठ हलले. त्यांना हिशोबाला क्षणही लागला नाही.

"पंचावन्न," त्या म्हणाल्या.

"मर्यादा पन्नास, आणि साहेब पाच वाजता पास म्हणून कळवणार आहेत. त्या बाटल्या वॉर्डात आत्ता वापरात आहेत."

बाई दोन्ही हात ओट्यावर टेकून उठल्या. पर्समधून चष्म्याचं घर काढलं, आणि त्यातून एक फिकी पडलेली, मागे गोंदाचे पापुद्रे असलेली चिठ्ठी. ५०.०२. आयुष्यभर नोंदी जपलेल्या बाईंना ती फाडून टाकणं जमलं नव्हतं.

"घे," त्या म्हणाल्या. "पोरीला मी सांगते. तू मध्ये बोलू नकोस."

७

धुण्याच्या खोलीचं दार काचेचं होतं. तपासनीस बाहेरच थांबला. आतलं ऐकू येत नव्हतं, दिसत होतं तेवढंच. बाई बोलत होत्या. सून फ्लास्क हातात घेऊन ऐकत होती. मग तिने तो जपून खाली ठेवला, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला वाकावं, तर तिने तो हात झिडकारला. पुढच्या क्षणी तोच हात तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला.

साहेब पत्र घेऊन आले तेव्हा पावणेपाच झाले होते. तपासनीसाने सही केली नाही. आकडे ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, निदान शब्द जरा सांभाळून लिहू, उद्या नीट मसुदा करून पाठवू. तेवढ्यात सून बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते, पण पावलं नीट पडत होती. कुणालाही न विचारता तिने साहेबांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि वॉर्डाचा नंबर फिरवला.

"प्रयोगशाळेतून बोलतेय," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात आलेल्या बाटल्या आत्ताच्या आत्ता बंद करा. हो, सगळ्या. काचेच्या वापरा. आधीच्या खेपांचंही पुन्हा तपासून कळवतो."

पलीकडची परिचारिका काहीतरी जोरजोरात विचारत होती. तुमच्याच पत्रात सुरक्षित लिहिलंय, ते माझ्यासमोर आहे, असं ती म्हणत असावी, कारण सुनेने डोळे मिटले.

"हो, ते चुकीचं आहे," ती म्हणाली. "बाटलीच्या झाकणातली चकती मी काढली होती. मला वाटलं, चांगलं करतेय. चूक माझी. माझं नाव लिहून घ्या."

तिने नाव सांगितलं. ते परिचारिकेला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मग ती थांबली. पलीकडून आता हळू आवाजात काहीतरी विचारलं जात होतं, आणि ते ऐकताना तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"नाही," ती म्हणाली. "ज्या बाळांनी दूध प्यायलंय त्यांचं काय होईल, ते मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येणार नाही."

तिने फोन ठेवला नाही. मागून बाई आल्या, तिच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला.

"मी तिची सासू," त्या म्हणाल्या. "खोटी चिठ्ठी माझी आहे. माझंही नाव लिहून घ्या."